चिमणीचं टोपडं

बंगळुराजवळ बोम्मसंद्र्याला अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्यात अप्पासाहेब स्टोअर सांभाळायचे. कसं सांभाळायचे ते त्यांना विचारण्यात अर्थ नाही. त्यांच्या खिडकीपुढं उभं राहून ज्यानं कधी एखादं बेअरिंग मागितलं असेल त्याला विचारावं. मशीन बंद पडलेलं, फोरमन घामाघूम झालेला, आणि अप्पासाहेब आत शांतपणे चष्मा पुसत म्हणायचे, "एकच उरलंय. ते तुम्हाला दिलं तर स्टोअरमध्ये काय ठेवू?" त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषण केलं, की यांच्या काळात एक स्क्रूसुद्धा वाया गेला नाही. ते अगदी खरं होतं. कितीतरी स्क्रू जन्माला येऊन कशातच न बसता म्हातारे झाले होते.

हा गुण त्यांच्या रक्तातलाच असावा. घराणं बंगळुरातलं फार जुनं. कुणी पूर्वज फौजेबरोबर इकडे आला आणि कुठल्याशा किल्ल्याच्या राखणीला राहिला, अशी घरात कथा होती. किल्ला कधीचाच गेला, राखण तेवढी मागं राहिली. अप्पासाहेबांच्या घरी टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी होती, सोफ्याला खोळ होती, आणि खोळ मळू नये म्हणून तिच्यावर जुनी चादर होती. पाहुणे चादरीवर बसत. सोफ्याचा रंग कोणता, हे फक्त दुकानदाराला आणि अप्पासाहेबांना माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा खरोखर समाधानी दिसायचा.

या घरात कौशल्याबाई, म्हणजे त्यांची बायको, खोकत होत्या. गेल्या पावसाळ्यात खोकला सुरू झाला तो गेलाच नाही. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, फोडणीच्या, तळणाच्या धुरात उभं राहायचं नाही, नाहीतर हा खोकला छातीत घर करील. मुलगा अभिराज व्हाइटफील्डला आणि मुलगी दिव्यश्री हेब्बाळला. दोघांनी मिळून दसऱ्याला स्वयंपाकघरात विजेची चिमणी बसवून दिली. "अम्मा, आता तुझा धूर ही ओढून घेईल," दिव्यश्री म्हणाली. कौशल्याबाईंनी त्या चकचकीत काळ्या काचेकडे बघितलं आणि हळूच हात लावला. तो ठसा अप्पासाहेबांनी लगेच पंच्यानं पुसला.

चिमणी बसवायला कंपनीचा माणूस आला होता. त्याला तासाभरात घरी जायचं होतं, पण त्याची गाठ स्टोअरकीपरशी होती. अप्पासाहेबांनी एकेका भागावर बोट ठेवून विचारलं, हे कशाला? त्यानं सांगितलं, ही स्टीलची जाळी फिल्टर, ती तेलकटपणा अडवते, म्हणजे आतल्या मोटरचं रक्षण होतं. ही खालची वाटी, जाळीवरून ओघळलेलं तेल हिच्यात जमतं, म्हणजे शेगडीवर ठिबकत नाही. ही पाइपातली झडप, बाहेरचा वारा आणि झुरळं आत येऊ देत नाही. आणि पाइपाच्या तोंडावरची ही टोपी, पाऊस आणि कबुतरं अडवते. अप्पासाहेबांना ऐकता ऐकता भरून आलं. अख्ख्या आयुष्यात असं यंत्र त्यांनी पाहिलं नव्हतं, ज्याचे निम्मे अवयव उरलेल्या निम्म्यांना जपण्यासाठीच केलेले होते.

"आणि फिल्टरचं रक्षण कोण करतं?" त्यांनी विचारलं.

त्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "फिल्टर घाण होणारच सार. त्यासाठीच आहे तो."

अप्पासाहेबांना हे उत्तर पटलं नाही. घाण होण्यासाठी कुणी स्टीलची वस्तू घेतं का?

पाइप बाहेरच्या भिंतीतून न्यायचा होता. पण बाहेरच्या भिंतीला त्याच वर्षी रंग दिलेला. तिला भोक पाडायचं म्हटल्यावर अप्पासाहेबांच्याच छातीत भोक पडल्यासारखं झालं. स्वयंपाकघराच्या मागं युटिलिटी होती. बंगळुरात प्रत्येक घराला ती असते, भांडी घासायची, वॉशिंग मशीन ठेवायची, कपडे वाळत घालायची लोखंडी जाळीनं बंद केलेली चिंचोळी जागा. "इथंच सोडा पाइप," अप्पासाहेब म्हणाले, "युटिलिटी म्हणजे बाहेरच की." कंपनीच्या माणसानं स्वल्प वाद घातला, मग घड्याळ बघितलं आणि पाइप तिथंच सोडला.

तो गेल्यावर खरं काम सुरू झालं. काचेवरची पारदर्शक फिल्म काढायची नाही, असा नियम झाला. कौशल्याबाईंची एक जांभळी सुती साडी विरली होती, तिच्या खोळी शिवून घेतल्या. शिवल्या अर्थात कौशल्याबाईंनीच. एक खोळ फिल्टरला. एक युटिलिटीत पाइपाच्या टोपीला, नाडी ओढून बांधायची, कारण होसूर रोडची धूळ काही थोडीथोडकी नसते. त्या टोपीवरच्या टोपीला कौशल्याबाई टोपडं म्हणू लागल्या. धुवायला काढलं तर बदली म्हणून आणखी एक टोपडं शिवून ठेवलं. तेलाची वाटी अप्पासाहेबांनी काढूनच घेतली आणि कपाटात चांदीच्या निरांजनाशेजारी ठेवली.

आता एवढं करून झाल्यावर त्या चिमणीखाली तळण करणार कोण? तिथं दूध तापवायला परवानगी होती, चहाला होती, आणि इडलीला होती कारण इडली सभ्य असते. फोडणी, तळण, मिरच्या भाजणं, मासळी, मटण हे सगळं युटिलिटीत, एका जुन्या एकशेगडीवर. म्हणजे चिमणी यायच्या आधी कौशल्याबाई मोठ्या खिडकीच्या स्वयंपाकघरात खोकत होत्या, आणि चिमणी आल्यावर वॉशिंग मशीन आणि बादल्यांच्या मधे उभ्या राहून खोकू लागल्या. वर त्यांच्या डोक्यावर चिमणीच्या पाइपाचं तोंड, जांभळं टोपडं घालून. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते हेच. त्या एकदा म्हणाल्या, "अहो, धुरासाठीच आणली ना ती?" अप्पासाहेब म्हणाले, "हो, पण पहिल्यांदाच तेल लावलं तर पुढं तिची किंमत काय राहील?" कौशल्याबाईंनी संसारात अशी वाक्यं इतकी ऐकली होती, की त्या परत मिरच्यांकडे वळल्या.

पाहुणे आले की मात्र चिमणीचा दरबार भरायचा. अप्पासाहेब फिल्टरची खोळ उतरवायचे, युटिलिटीत जाऊन टोपडं सोडायचे, बटण दाबायचे आणि कागदी रुमाल फिल्टरखाली धरायचे. रुमाल वर जाऊन जाळीला चिकटायचा. मग एकेका भागाचं नाव घेऊन तो कशाचं रक्षण करतो ते सांगायचे. वाटी कपाटातून आणून दाखवायचे. "बघा, दसऱ्यापासून एक थेंब नाही," असं म्हणताना त्यांचा आवाज हळवा व्हायचा.

दिव्यश्रीला हे सगळं कळलं ते संक्रांतीला. ती फार बोलत नाही. तेव्हा एवढंच म्हणाली, "अप्पा, होसतोडकूला मी येईन. त्या दिवशी अम्मा मला युटिलिटीत शेगडीपुढं दिसली, तर मी तिला हेब्बाळला घेऊन जाणार. मग परत पाठवायचं का नाही, ते मी ठरवणार."

होसतोडकू म्हणजे युगादीचा, आपल्या पाडव्याचा, दुसरा दिवस. आदल्या दिवशी होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, खाऊन तोंड गोड झालेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी अख्खं बंगळूर पहाटेपासून मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभं राहतं. अप्पासाहेबांच्या घराण्यात त्या दिवशी मटण केलं नाही असं वर्ष नाही. आणि मटण म्हटलं की कांदा-खोबरं भाजणं आलं, सुक्या मिरच्या आल्या, तेलात परतणं आलं. अप्पासाहेबांनी आठवडाभर विचार केला. कौशल्या हेब्बाळला जाणार, ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती. चिमणी तेलकट होणार, हीही होत नव्हती. शेवटी त्यांनी तोडगा काढला, की मटण सकाळी लवकर उरकायचं आणि दिव्यश्री यायच्या आत शेगडी झाकून ठेवायची.

पण त्या दिवशी मटणाच्या रांगेनं घात केला. मटण घरी यायलाच उशीर झाला, आणि कांदा भाजायला घेतला तेवढ्यात दारात फत्तेसिंग उभे. फत्तेसिंग त्याच कारखान्यात खरेदी विभागात होते. त्यांनी जन्मभर वस्तू विकत आणल्या आणि अप्पासाहेबांनी जन्मभर त्या कुणाला दिल्या नाहीत, त्यामुळं दोघांचं फार जुनं वैर आणि तेवढीच जुनी मैत्री होती. चादरीवर बसायच्या आधीच ते म्हणाले, "तुमच्या चिमणीची फार कीर्ती ऐकली. दाखवा तरी."

मोह आवरला नाही. अप्पासाहेबांनी फिल्टरची खोळ काढली, बटण दाबलं, रुमाल वर धरला आणि हात सोडला. रुमाल सरळ शेगडीवर पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. चिमणी नुसतीच घुमत होती.

"मी खरेदी केलेला माल असा नसायचा," फत्तेसिंग म्हणाले.

"टोपडं राहिलं," अप्पासाहेब म्हणाले आणि युटिलिटीकडे धावले.

दार उघडलं आणि आतल्या ठसक्यानं त्यांचे डोळे मिटले. इतक्या महिन्यांत कढईखाली जाळ असताना ते या जागेत कधी पाऊल टाकून उभे राहिले नव्हते. जाळीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात निळसर धूर जागच्या जागी उभा होता. वर पाइपाच्या तोंडाला जांभळं टोपडं. खाली, कढईपुढं, कौशल्याबाई. नाकातोंडावर त्यांनी दुसरं, बदलीचं टोपडं बांधलं होतं. तेच कापड, तीच नाडी, कानामागून घट्ट ओढलेली. एक क्षण अप्पासाहेबांना कळेना की आपण कुणाची नाडी सोडायला आलोय.

"तुमचंच घेतलं," त्या कापडाआडून म्हणाल्या. "धुऊन ठेवीन."

अप्पासाहेबांनी हात वर करून पाइपाचं टोपडं सोडलं. आतून हवेचा झोत आला, शेगडीवरचा धूर त्यानं खाली दाबला आणि दोघांच्या तोंडावर सोडला. स्वयंपाकघरातून, रुमाल धरून उभे असलेले फत्तेसिंग म्हणाले, "चिकटला, चिकटला." अप्पासाहेब भिंतीला धरून खोकत होते. छातीत कुणी मिरची चोळल्यासारखी आग होत होती. त्यांना वाटलं आता श्वास येणारच नाही, आणि तशाच पाणावल्या डोळ्यांनी त्यांनी पाहिलं, कौशल्याबाई खोकता खोकता कढईतला चमचा हलवत होत्या. त्यांना सवय झाली होती.

दिव्यश्री दारात कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नाही. ती रागावली नाही. तिनं गॅस बंद केला, आईच्या तोंडावरचं कापड सोडलं, आणि उरलेलं मटण आत चिमणीखाली स्वतः केलं, फिल्म लावलेल्या चिमणीखालीच. जेवताना फक्त फत्तेसिंग बोलत होते. जेवण झाल्यावर कौशल्याबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"किती दिवस?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या. मग उंबऱ्यात थांबल्या. "चिमणीला कोण कोण सांभाळतं ते तुम्ही सगळ्यांना सांगता. चिमणी कुणाला सांभाळायला आणली होती, तेही एकदा सांगा."

 कंपनीच्या माणसाला हे विचारायचं अप्पासाहेबांकडून राहून गेलं होतं.

पुढचे दोन दिवस मटण पुरलं. मग भूक लागली आणि त्यांनी सवयीनं युटिलिटीतली शेगडी पेटवली. कांदा-मिरची तेलात टाकली आणि परत तोच ठसका. ते बादलीवर बसून खोकले. बराच वेळ खोकले. आतून कुणी पाणी आणलं नाही, कारण आत कुणी नव्हतं. पाणी प्यायला ते स्वतःच उठले आणि माठापाशी उभे राहून त्यांना आठवलं, की कौशल्या खोकायची तेव्हा आपण टीव्हीचा आवाज वाढवत होतो. ही आठवण त्यांना फार लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चिमणीवरची फिल्म सोलली. ती इतके महिने राहिलेली, कोपऱ्यात डिंकासारखी चिकटून बसली होती, नखानं खरवडावी लागली. वाटी कपाटातून काढून जागेवर बसवली. खोळी घडी करून ठेवल्या. बटण दाबून चिमणीखालच्या शेगडीवर कांदा-मिरची टाकली. धूर उठला आणि गुमान वर निघून गेला. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, दुसरा घेतला, काही झालं नाही. एवढं सोपं होतं हे.

मग ते रोज काही ना काही तळू लागले. पापड तळले, अंडं केलं, एकदा भजी केली ती करपली. शेजारणीला वाटलं म्हातारा बायको गेल्यावर मजा करतोय. तिला काय ठाऊक, की हा माणूस रोज जेवून झालं की वाकून वाटीत बघतो. पहिला थेंब पडला त्या दिवशी त्यांनी तो पुसायला पंचा उचलला आणि परत ठेवला, जुनी सवय. पण दुसऱ्या दिवशी ते थेंब वाढायची वाट बघत होते. वाटीचा तळ पिवळट तेलानं झाकला गेला तेव्हा त्यांनी ती सरळ धरून डब्यात ठेवली, डबा पिशवीत घातला, पिशवी दुसऱ्या पिशवीत, तिला पंचा गुंडाळला, आणि हेब्बाळची बस धरली. बंगळुराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, सिल्क बोर्डाच्या चौकातल्या गर्दीतून, मांडीवर ते बोचकं दोन्ही हातांनी धरून. शेजारच्या माणसानं विचारलं, "एनु सार, प्रसादा?" अप्पासाहेब होकारार्थी मान हलवून म्हणाले, "हौदु."

दिव्यश्रीचं स्वयंपाकघर म्हणजे सगळा पसारा. तिची चिमणी काळवंडलेली, बटणांवर तेलाची बोटं, आणि तिच्याखाली कौशल्याबाई उडदाचे उद्दिनवडे तळत होत्या. अप्पासाहेब खुर्चीवर बसले. वडे एकामागून एक कढईत पडत होते, कौशल्याबाई मुलीशी बोलत होत्या, हसत होत्या. अप्पासाहेबांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. घाणा संपत आला तेव्हा ते लक्षात आलं. तिला एकदाही खोकला आला नव्हता. खोकला हा तिच्या बोलण्याचाच भाग आहे असं ते धरून चालले होते.

त्यांनी पंचा सोडला, पिशवी सोडली, दुसरी पिशवी सोडली, डबा उघडला आणि वाटी तिच्यापुढं ठेवली. तेल थोडं सांडलं होतं, पण होतं.

कौशल्याबाईंनी वाटी उजेडाकडे धरली. "एवढं काय तळलंत?"

"कांदा, मिरची. पापड. भजी केली होती, ती बरी नाही झाली."

"खोकला आला?"

"आत नाही आला," अप्पासाहेब म्हणाले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "आधी युटिलिटीत केलं होतं. तिथं आला. फार आला. तू तिथं रोज कशी उभी राहत होतीस, मला ठाऊक नाही कौशल्या."

 कौशल्याबाईंनी गॅस बारीक केला. मग विचारलं, "पाइप अजून तिथंच सोडलेला आहे ना? मी भांडी घासायला जाणार ती त्याच धुरात."

"भिंतीला भोक पाडून घेतो. बाहेरच्या."

"रंग जाईल."

"जाऊ दे," अप्पासाहेब म्हणाले.

दिव्यश्रीनं मान वर करून बापाकडे बघितलं. जन्मात तिनं हे दोन शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. कौशल्याबाईंनी वाटीतलं तेल ओतून टाकलं, वाटी चिंचेनं घासून लखलखीत केली आणि त्यांच्या हातात दिली. "जागेवर लावा. कपाटात नाही. आणि भोक पडलं की फोन करा, मी येते."

"सरी," ते मान डोलावून म्हणाले.

निघताना दिव्यश्रीनं वाटीसाठी एक पिशवी पुढं केली. अप्पासाहेबांनी ती घेतली नाही. होसूर रोडच्या बसमध्ये, उघड्या खिडकीशी, धूळ खात, ते वाटी तशीच हातात धरून बसले होते.